डावातला खलनायक आणि डाव नासवणारा

आरपी म्हणजे रोलप्ले सर्व्हरवर प्रत्येक जण टॅक्सीवाला, पोलीस, गुन्हेगार अशी भूमिका घेऊन ऑनलाइन खेळतो. तिथं पहिल्यांदा लुटला गेलेला खेळाडू तडक सर्व्हर सांभाळणाऱ्या ॲडमिनकडे जातो. ‘त्यानं मला लुटलं, बॅन करा.’ ॲडमिन शांतपणे विचारतो, ‘लुटलं ते कळलं, पण कसं लुटलं?’ हे खेळ न खेळणाऱ्याला हा प्रश्न वेडगळ वाटेल. निवाडा मात्र त्या ‘कसं’वरच होतो, कारण लुटणाऱ्यांत दोन जाती असतात आणि दोघांच्या हातात बंदूक तीच असते.

एकच प्रसंग दोन तऱ्हांनी बघू. जीटीए या व्हिडिओ गेममधल्या लॉस सँटोस शहरात एक जण टॅक्सी चालवतोय. खेळणारा कोल्हापूरच्या राजारामपुरीतला, त्यामुळे कॅलिफोर्नियाच्या नकलेवर बांधलेल्या त्या शहरातही बोलणं आपलंच. मागं बसलेला प्रवासी दोन वळणांनंतर म्हणतो, ‘मालक, गाडी जरा आडबाजूला घ्या की.’ गाडी थांबते, पिस्तूल निघतं. ‘तुमच्याशी वैर न्हाई, पण पैशाची लई नड हाय.’ ड्रायव्हर हात वर करतो, गाडी हप्त्यावर घेतल्याचं सांगतो, गयावया करतो. लुटारू ऐकून घेतो. रोख काढून घेतो, गाडी सोडतो आणि लाल जाकीट न बदलताच चालायला लागतो. ते जाकीट पोलिसांना सापडावं म्हणूनच अंगावर ठेवलेलं असतं. मग तक्रार, ओळख परेड, पाठलाग, वकील, तुरुंग. ड्रायव्हरचे पैसे गेले, पण त्याच्यासकट पाच-सहा जणांच्या रात्रीला काम मिळालं.

आता दुसरी तऱ्हा. गाडी येते, शब्द नाही, गोळी. ड्रायव्हर हॉस्पिटलच्या दारात पुन्हा जिवंत होऊन उभा राहतो तर तीच गाडी त्याच्या अंगावर. माइकवर खिदळणं. अशी विनाकारण गोळी घालण्याला सर्व्हरच्या भाषेत आरडीएम (रँडम डेथमॅच) म्हणतात, गाडी घालण्याला व्हीडीएम (व्हेइकल डेथमॅच). दोन्ही जवळपास प्रत्येक आरपी सर्व्हरच्या नियमावलीत गुन्हे आहेत. मेलेल्याला बोलायला वाव मिळाला नाही, पोलिसांना धागा मिळाला नाही, कथेचं एक पानही पुढं सरकलं नाही.

माझ्या मते खरी कसोटी एकच: हा माणूस हरायला तयार आहे का? खलनायक खेळणाऱ्याला मनातून माहीत असतं की शेवटी आपण सापडणार, आणि सापडताना मजा यायला हवी. तो आपल्या हरण्याची सोय स्वतःच करून ठेवतो. डाव नासवणाऱ्याला हरणं सोसत नाही. पोलीस मागं लागले की तो खेळातून बाहेर पडतो, नाहीतर दुसऱ्याचं लाइव्ह स्ट्रीम उघडून लपलेल्यांची जागा काढतो. त्याच्या कॅरेक्टरला जे कळणं शक्य नाही ते याच्या मोबाइलला कळतं. याला मेटागेमिंग म्हणतात, आणि गोळीबारापेक्षा मला तेच जास्त चीड आणणारं वाटतं.

कोल्हापूरकरांना हा फरक खरं तर वेगळा समजवायला नको. या शहरातल्या स्टुडिओंनी मराठी सिनेमा वाढवला आणि त्या काळच्या प्रेक्षकाला खलपुरुष चांगला ओळखीचा होता. निळू फुले पडद्यावर आले की बायका बोटं मोडायच्या. प्रत्यक्षात माणूस सेवादलाच्या मुशीतला, चळवळींत वावरणारा. समोरच्या नटाचा प्रसंग उठावा म्हणून निळूभाऊ वाईट व्हायचे. नुसता दंगा करून कुणी तिथवर पोचत नाही.

बरं, हे सगळं खलनायकापुरतं नाही. हिरो खेळणारेही डाव नासवतात, फक्त त्यांची तक्रार करायला लोक कचरतात. पोलिसाचा गणवेश घातलेला एखादा महाभाग चार बंदुका रोखलेल्या असताना एकटाच भिडतो. जिवाची भीतीच नाही! दोरानं बांधलं तर पुढच्या सेकंदाला ‘मी सुटलो’ म्हणतो. समोरच्याला काही करायची संधीच न देणाऱ्या या प्रकाराला पॉवरगेमिंग म्हणतात. असा सज्जन लाल जाकीटवाल्या दरोडेखोरापेक्षा जास्त रात्री वाया घालवतो.

मुळात कॅरेक्टरची बाजू आणि खेळाडूची वागणूक यांची गल्लत जुनी आहे. १९७४ साली आलेल्या डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्ले खेळातच पात्राला नीतीची बाजू निवडावी लागे. पुढं त्याच दशकात चांगलं-वाईट आणि शिस्त-बेबंदी अशा दोन मापांचे नऊ खाने झाले. टेबलाभोवती चार मित्र बसलेले असताना ‘माझं पात्रच दुष्ट आहे’ म्हणत साथीदारांचा खजिना चोरणाऱ्याला निदान तिथल्या तिथं झापता तरी यायचं. ऑनलाइनमध्ये ती सोय गेली. १९९७ च्या अल्टिमा ऑनलाइन या खेळात इतर खेळाडूंचे खून करणाऱ्याचं नाव लाल दिसायचं. कल्पना चांगली होती, पण लाल नाव कथेतल्या दरोडेखोरालाही लागायचं आणि नवख्यांना टिपत बसणाऱ्यालाही. काहींना तर ते मेडलसारखं मिरवायला आवडायचं. शेवटी २००० साली निर्मात्यांनी जगच दोन भागांत वाटलं: एकीकडे मनाविरुद्ध मारामारी बंद, दुसरीकडे जुनाच कायदा. माणसं निवडता आली नाहीत म्हणून जमीन वाटली.

नंतरच्या खेळांनी खलनायकाला रीतसर घर दिलं. २००५ मधल्या सिटी ऑफ व्हिलन्समध्ये तुम्ही सुरुवातच गुन्हेगार म्हणून करायचात. २०११ च्या स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिकमध्ये दुष्ट बाजूचा सिथ होऊनही दयेचे पर्याय निवडता येतात आणि चांगल्या बाजूचा जेडाय होऊन क्रौर्याचे. गट एक, वागणूक दुसरी.

एका ठिकाणी मात्र माझी कसोटी लंगडी पडते. ईव्ह ऑनलाइन या २००३ पासून चालणाऱ्या अंतराळी खेळात फसवणूक, हेरगिरी, विश्वासघात हे सगळं बहुतांशी नियमात बसतं. सुरक्षित भागात हल्ला केला तर कॉन्कॉर्ड नावाचं पोलीस दल हल्लेखोराचं जहाज उडवतं, आणि तो नुकसान हिशेबात धरूनच येतो. तिथं बोलाचालीशिवाय लुटलं म्हणून रडता येत नाही, कारण आत शिरतानाच तुम्ही तो करार मान्य केलेला असतो. म्हणजे नासवणं कशाला म्हणायचं ते सर्व्हरगणिक बदलतं. नियमावली न वाचता शिरणाऱ्याला दोन्ही तऱ्हा सारख्याच दिसणार. (आणि नियमावली कोण वाचतो, हेही आपल्याला माहीत आहे.) पण खऱ्या माणसाला धमकी देणं तिथंही चालत नाही.

न बदलणारी रेघ तीच. मुलीचा आवाज ऐकला की पिच्छा पुरवणारा, जातीवरून बोलणारा, घरच्यांवरून शिव्या देणारा आणि अडवल्यावर ‘अरे, माझं कॅरेक्टरच तसं आहे’ म्हणणारा भिडू प्रत्येक सर्व्हरवर भेटतो. त्याचं कॅरेक्टर तसं नसतं. ते त्यानं तोंडापुढं धरलेलं असतं. अशा वेळी सीनमध्ये राहून उत्तर शोधत बसू नये. कॅरेक्टरबाहेर येऊन सरळ सांगावं, ‘हे नको, दुसरीकडं वळव.’ खलनायक जाणणारा खेळाडू लगेच माफी मागतो आणि अपहरणाचा प्रसंग बदलून नुसत्या खंडणीचा करून टाकतो. दुसरा चिडतो आणि ‘गेमच तर आहे’ म्हणून तेच पुन्हा सुरू करतो. त्याला ब्लॉक करायला ॲडमिनच्या निकालाची वाट बघायची गरज नाही.