दोन दगडांमधला कंद

नेपाळ एकत्र करणारा गोरखा राजा पृथ्वीनारायण शाह आपल्या राज्याला दोन दगडांमधलं ‘तरुल’ म्हणायचा. तरुल म्हणजे आपल्या कोनफळाच्या जातीचा कंद. उपमा झकास आहे, पण तिच्यात एक गोष्ट येत नाही. हे दोन दगड सारखे नाहीत. उत्तरेला हिमालयाची भिंत, तर दक्षिणेला तराईचा सपाट प्रदेश, भारताशी उघडी सीमा, बिहारमधलं रक्सौल आणि नेपाळमधलं वीरगंज यांच्यामधलं नाकं आणि तिथून सात-आठशे किलोमीटरवर कोलकात्याचं बंदर. काठमांडूतल्या कुठल्याही सरकारचं परराष्ट्र धोरण या उतारावरूनच चालतं.

1988 मध्ये नेपाळने चीनकडून विमानविरोधी तोफा घेतल्या. दिल्लीला ते खटकलं. मार्च 1989 मध्ये व्यापार आणि पारगमन (भारतातून नेपाळचा माल ने-आण करण्याच्या) करारांची मुदत संपली, तेव्हा भारताने दोन नाकी ठेवून बाकीची बंद केली. रॉकेलसाठी रांगा लागल्या. राजाविरुद्धच्या असंतोषात त्याची भर पडली आणि 1990 च्या जनआंदोलनात पंचायत राजवट, म्हणजे राजाच्या हाती सत्ता ठेवणारी पक्षविरहित व्यवस्था, कोसळली.

2015 चा अनुभव अजून ताजा आहे. एप्रिलमध्ये भूकंप, सप्टेंबरमध्ये नवी राज्यघटना. तीत आपल्यावर अन्याय झाला म्हणून मधेशी, म्हणजे तराईतले, आंदोलक वीरगंजच्या पुलावर ठाण मांडून बसले आणि ट्रक अडकले. नाकेबंदी आपण केलेली नाही, असं भारत सांगत राहिला. नेपाळमध्ये फार थोड्यांना ते पटलं. घरोघरी गॅस सिलिंडर अर्धे भरून दिले जात होते आणि लोक चुली पेटवत होते. सिलिंडरसाठी उभ्या माणसाला सार्वभौमत्वाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पंतप्रधान के. पी. ओली मार्च 2016 मध्ये बीजिंगला गेले आणि पारगमन करार करून आले. पुढे 2019 मध्ये चीनने चार बंदरं खुली केली. त्यांतलं तियानजिन तीन हजार किलोमीटरहून लांब! माझ्या मते या कराराचा खरा उपयोग दिल्लीशी बोलताना होतो, माल आणताना नव्हे. त्याच 2019 मध्ये, ओलीच पंतप्रधान असताना, बिहारमधल्या मोतिहारीहून नेपाळमधल्या अमलेखगंजपर्यंतची 69 किलोमीटरची तेलवाहिनी सुरू झाली.

जुलै 2025 मध्ये चीनच्या सीमेवरच्या रसुवागढीजवळ भोटेकोशी नदीला पूर आला. चीनला जोडणारा मैत्री पूल वाहून गेला आणि चीनहून येऊन नाक्यावर उभ्या असलेल्या विजेवरच्या गाड्याही.