हात पुन्हा पुन्हा लुळा पडतो, दोन आजार आणि एकच 17 नंबर

रात्री झोपताना सगळं ठीक असतं आणि पहाटे खांद्यात अशी कळ येते की पेनकिलर घेऊनही फरक पडत नाही, माणूस नुसता येरझाऱ्या घालत बसतो. मग काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी दुखणं ओसरतं, आता सुटलो असं वाटतं तोवर लक्षात येतं की हात वर उचललाच जात नाहीये! खांद्याचे मसल्स सुकतात, कधीकधी पाठीवरचं ते चपटं हाड पंखासारखं बाहेर येतं.

मानेतून हातात उतरणाऱ्या नसांचं जे जाळं आहे, ब्रेकियल प्लेक्सस, त्याला सूज येऊन हे होतं. पार्सोनेज आणि टर्नर या डॉक्टरांनी 1948 मध्ये असे 136 पेशंट नोंदवले म्हणून या आजाराला पार्सोनेज-टर्नर सिंड्रोम असं नाव पडलं. बऱ्याच जणांना हा अटॅक एकदाच येतो, पण काही घराण्यांत तो पिढ्यानपिढ्या आणि पुन्हा पुन्हा येतो. त्यातल्या बऱ्याच घरांत 17 नंबरच्या क्रोमोसोमवरच्या सेप्ट-9 जीनमध्ये बिघाड सापडला, 2005 साली. आईवडिलांपैकी एकाकडे असला तरी मुलात यायचा चान्स निम्मा. जीन जन्मापासून तसाच असतो, अटॅकला मात्र अनेकदा काहीतरी निमित्त लागतं, इन्फेक्शन, ऑपरेशन, बाळंतपण किंवा हाताला झेपणार नाही असं काम.

गंमत म्हणजे दुसरा एक आजारही याच 17 नंबरवर आहे, फक्त क्रोमोसोमच्या दुसऱ्या टोकाला. तिथे पीएमपी-22 जीनच्या दोनपैकी एक कॉपीच गायब असते, त्यामुळे नसेवरचं मायलिनचं कव्हर दाब सहन करत नाही. हातावर डोकं ठेवून झोपल्यावर आपल्याला मुंग्या येतात आणि पाच मिनिटांत जातात, यांचा हात तेवढ्यानेच कित्येक दिवस, कधी महिनेसुद्धा लुळा राहतो, आणि दुखत जवळपास नाही. म्हणून डॉक्टर आधी दुखलं होतं का हेच खोदून विचारतात. (आणि याच जीनच्या दोनऐवजी तीन कॉपी झाल्या तर शार्को-मारी-टूथ, तो वेगळाच आजार.)

दाबाने फक्त कव्हर बिघडलं असेल तर नस तुलनेने लवकर सावरते. पण आतली तारच तुटली की ती दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढते, महिन्याला जेमतेम इंचभर, त्यामुळे खांदा आधी हलायला लागतो आणि बोटांना वर्ष उलटून जातं.