भाडेकराराची कागदपत्रे आणि लेटिंग एजंट (इंग्लंड)

इंग्लंडमध्ये घरमालकाच्या वतीने घर भाड्याने देणाऱ्या मध्यस्थाला लेटिंग एजंट म्हणतात. भाडेकरू शोधणे, भाडे गोळा करणे ही त्याची नजरेला पडणारी कामे. पण वाद कोर्टात गेला की एकच गोष्ट तपासली जाते : कोणता कागद, कोणत्या नमुन्यात आणि कोणत्या तारखेला भाडेकरूच्या हाती पडला.

खासगी भाडेकरारांचा पाया १९८८ चा हाउसिंग ॲक्ट. त्यात मोठा बदल केला २०२५ च्या रेंटर्स राइट्स ॲक्टने. १ मे २०२६ पासून ठरावीक मुदतीचे करार संपून खासगी भाडेदारी बेमुदत झाली आणि कारण न देता घर रिकामे करायला लावणारी ‘सेक्शन २१’ची नोटीस रद्द झाली. नव्या भाडेकरूला कराराच्या अटी लेखी देणेही बंधनकारक झाले. वर्षानुवर्षे संगणकात पडून असलेला जुना नमुना नाव-पत्ता बदलून पुन्हा छापायचा, ही या धंद्यातली सर्वांत महागात पडणारी सवय आहे.

जुन्या नमुन्यातले एक कलम पाहण्यासारखे आहे : ‘घर सोडताना भाडेकरूने व्यावसायिक सफाईचा खर्च द्यावा.’ १ जून २०१९ ला लागू झालेल्या टेनंट फीज ॲक्टनुसार अशी अट भाडेकरूवर बंधनकारक राहत नाही. घर जितके स्वच्छ मिळाले तितकेच स्वच्छ परत द्या, एवढेच म्हणता येते. ते कसे करायचे हे भाडेकरूने ठरवायचे. करारपत्र तयार करण्याचे शुल्कही याच कायद्याने बंद केले.

अनामत रकमेची मर्यादाही त्यातच आहे. वार्षिक भाडे ५०,००० पौंडांपेक्षा कमी असेल, तर जास्तीत जास्त पाच आठवड्यांचे भाडे घेता येते. महिना १,२०० पौंड भाडे असेल तर वर्षाचे १४,४००. त्याला ५२ ने भागून पाचने गुणले की १,३८४ पौंड ६१ पेन्स येतात. ‘दीड महिन्याचे भाडे’ म्हणून १,८०० पौंड घेतले, की कायदा मोडला. शिवाय ही रक्कम मिळाल्यापासून ३० दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित करून तिची विहित माहिती भाडेकरूला द्यावी लागते. रक्कम जमा करून माहितीचा कागद द्यायचा राहिला, तरी चूक ती चूकच; कोर्ट अनामतीच्या एक ते तीन पट दंड भरायला लावू शकते.

सुरक्षेच्या कागदांत गॅस तपासणीचा दाखला सर्वांत नाजूक. तपासणी दरवर्षी करायची. नव्या भाडेकरूला दाखला राहायला येण्याआधी आणि आधीपासून राहणाऱ्याला तपासणीनंतर २८ दिवसांत द्यायचा. त्यावर प्रत्येक उपकरणाची नोंद आणि तपासणाऱ्या अभियंत्याचा नोंदणी क्रमांक असतो. उशिरा दिलेल्या दाखल्यामुळे तेव्हाच्या ‘सेक्शन २१’च्या नोटिशीने घराचा ताबा मागण्याचा हक्क कायमचा जातो का, हा प्रश्न ट्रेकॅरेल हाउस खटल्यात थेट अपील न्यायालयापर्यंत गेला. २०२० मध्ये निकाल घरमालकाच्या बाजूने लागला, पण एका कागदाच्या तारखेसाठी केवढा खटाटोप! वीजजोडणीचा अहवाल पाच वर्षांतून एकदा लागतो, ऊर्जा प्रमाणपत्र दहा वर्षे चालते. भाडेकरूला इंग्लंडमध्ये राहण्याचा हक्क आहे का, याची तपासणी करार होण्याआधीच करायची असते.

म्हणून जाणते एजंट कागदाइतकेच त्याच्या पोचेला जपतात. भाडेकरूची सही आणि तारीख घेतात, ईमेल केला असेल तर तो जपून ठेवतात. ‘दिला होता’ हे तोंडी सांगणे कोर्टात फारसे टिकत नाही.

यातले बरेच नियम इंग्लंडपुरते. वेल्समध्ये १ डिसेंबर २०२२ पासून वेगळा कायदा असून भाडेकरूला तिथे ‘कॉन्ट्रॅक्ट होल्डर’ म्हणतात. स्कॉटलंडने तर १ डिसेंबर २०१७ पासूनच बेमुदत भाडेकरार आणले आहेत. सीमेच्या दोन्ही बाजूंना घरे सांभाळणाऱ्या एजंटाला कागदांचे वेगळे संच ठेवावे लागतात.