डील्स-आल्डर अभिक्रिया: कुठे लागते आणि कुठे फसते

कॉलेज प्रयोगशाळा आणि लहान रेझिन युनिटसाठी

1928 मध्ये डील्स आणि आल्डर यांनी मांडलेली ही अभिक्रिया. डायईनचे (एकाआड एक दोन दुहेरी बंध असलेल्या रेणूचे) चार कार्बन आणि डायईनोफाइलचे (त्याला जुळणाऱ्या दुसऱ्या रेणूचे) दोन एकाच टप्प्यात जुळतात, सहा कार्बनची रिंग तयार होते आणि उपपदार्थ काही सुटत नाही. चाकणला गाड्यांच्या दारांना बसणाऱ्या ईपीडीएम रबराच्या पट्ट्या घ्या: त्यातला व्हल्कनायझेशनसाठी (रबर पक्कं करण्यासाठी) घातलेला तिसरा घटक बहुतेक वेळा ईएनबी (एथिलिडीन नॉरबोर्नीन) असतो. त्याची सुरुवात सायक्लोपेंटाडाइन आणि ब्युटाडाइनच्या याच अभिक्रियेने होते. इपॉक्सी कास्टिंगचा एमटीएचपीए (मिथाइल टेट्राहायड्रोफ्थॅलिक अनहायड्राइड) हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारा घटक, तोही याच घराण्यातला.

आमच्याकडे मालाच्या तक्रारी येतात त्या बहुतेक मलेइक अनहायड्राइडच्या; या अभिक्रियेत नेहमी लागणारं हे डायईनोफाइल. पावसाळ्यात डबा दोन-चारदा उघडा राहिला की हवेतली ओल धरून त्याचं मलेइक आम्ल होतं. चाचणी सोपी आहे: चिमूटभर माल कोरड्या टोल्युईनमध्ये टाकून किंचित कोमट करून पाहा. अनहायड्राइड विरघळतं, आम्ल तळाशी राहतं. मेल्टिंग पॉइंटही बोलका आहे, चांगला माल 53 अंशांच्या आसपास वितळतो, आम्ल 130 च्या पुढे.

कॉलेजच्या प्रयोगात डायईन म्हणून आमची शिफारस अँथ्रासीनचीच. 2 ग्रॅम अँथ्रासीन, 1.1 ग्रॅम मलेइक अनहायड्राइड, 25 मिली झायलीन. फ्लास्क पूर्ण कोरडा, अर्धा तास रिफ्लक्स (वाफ कंडेन्सरमध्ये गार होऊन परत फ्लास्कमध्ये पडेल अशी उकळी). गार होताना स्फटिक पडतात, ते 262 अंशांच्या आसपास वितळतात. झायलीन ज्वालाग्राही आहे, म्हणून बर्नर नको, हीटिंग मँटल वापरा.

सायक्लोपेंटाडाइन आम्ही बाटलीत देत नाही, कारण ते ठेवल्या ठेवल्या स्वतःशीच जुळून पुन्हा डायमर (दोन रेणूंची जोडी, म्हणजे डायसायक्लोपेंटाडाइन) होतं. डायसायक्लोपेंटाडाइन 170 अंशांच्या आसपास तापवून, फ्रॅक्शनेटिंग कॉलममधून, 41 ते 44 अंशांत येणारा भागच बर्फातल्या रिसीव्हरमध्ये घ्या. कॉलम नसेल तर डायमरही सोबत येतो आणि उतारा घटतो. फ्लास्क कोरडा होईपर्यंत तापवू नका. मिळालेला द्रव त्याच दिवशी वापरा आणि घट्ट बंद करून ठेवू नका, डायमर होताना उष्णता निघते आणि दाब वाढतो. हे सगळं फ्युम हूडमध्येच.

डायसायक्लोपेंटाडाइन डिसेंबरात गोठलेलं दिसलं तर माल परत पाठवू नका. शुद्ध माल 33 अंशांखाली गोठतोच. बाटली कोमट पाण्यात ठेवली की मोकळा होतो.

इपॉक्सीवाल्यांसाठी: 190 च्या आसपास ईईडब्ल्यू (एका इपॉक्सी गटामागे रेझिनचं वजन) असलेल्या द्रव रेझिनच्या 100 भागांना एमटीएचपीए साधारण 80 ते 90 भाग, शिवाय अॅक्सिलरेटर (घट्ट होण्याचा वेग वाढवणारा घटक). हार्डनरमध्ये पांढरे कण दिसले तर ओल शिरली आहे, तो डबा कास्टिंगला वापरू नका.