खाणक्षेत्रातील दुर्मिळ देशज वनस्पतींचे संवर्धन व पुनर्स्थापन

खनिजांच्या उत्खननाने अधिवास नष्ट होणाऱ्या देशज, विशेषतः प्रदेशनिष्ठ (केवळ एका प्रदेशातच आढळणाऱ्या) वनस्पतींचे आनुवंशिक वैविध्य जतन करणे आणि उत्खनन संपल्यावर त्यांच्या स्वतःहून टिकणाऱ्या समष्टी (एकाच जातीच्या वनस्पतींचे समूह) पुन्हा उभ्या करणे, ही दोन कामे या संज्ञेत येतात. सामान्य वनीकरणाहून हे काम वेगळे आहे. जलद वाढणाऱ्या, बहुधा परक्या वृक्षांनी मातीचे ढिगारे हिरवे होतात, पण त्यामुळे मूळ वनस्पती परत येतातच असे नाही.

खनिजसाठे आणि दुर्मिळ वनस्पती एकाच ठिकाणी आढळणे हा पुष्कळदा योगायोग नसतो. धातुयुक्त खडकावरील माती उथळ, पोषकद्रव्यहीन व बहुतेक वनस्पतींना विषारी असल्याने तेथे स्पर्धा कमी असते आणि अशा मातीला जुळवून घेतलेल्या जाती इतरत्र क्वचितच वाढतात. पॅसिफिक महासागरातील न्यू कॅलिडोनिया बेटावरील पिक्नांड्रा ॲक्युमिनाटा या वृक्षाच्या निळसर हिरव्या चिकात शुष्क वजनाच्या सुमारे चतुर्थांश निकेल असते. ब्राझीलमधील काराजासच्या लोहखनिजयुक्त पठारांवरील आयपोमिया काव्हल्कान्टेई ही लाल फुलांची वेल त्याच परिसरापुरती मर्यादित आहे.

पश्चिम युरोपातील जस्तयुक्त जमिनीवर वाढणाऱ्या व्हायोला कॅलमिनारिया या पिवळ्या फुलांच्या जातीचा उगम वादग्रस्त आहे. एका मतानुसार ती हिमयुगीन अवशेष असून उघड्या खनिजशिरांवर टिकून राहिली. दुसऱ्या मतानुसार तिचा आजचा प्रसार मुख्यतः मध्ययुगापासूनच्या खाणकामामुळे झाला. व्हायोला ल्यूटिया या पर्वतीय जातीशी तिचे निकटचे नाते रेणवीय अभ्यासांतून दिसते; मात्र तेवढ्यावरून प्रसाराचा काळ ठरत नाही, आणि दोन्ही मते काही अंशी खरी असणे अधिक संभवनीय वाटते. संवर्धनाच्या दृष्टीने हा वाद निव्वळ शास्त्रीय नाही. जुने जस्ताचे ढिगारे हाच तिचा अधिवास मानला, तर ते सुपीक मातीने झाकणे म्हणजे सामान्य गवतांना वाट मोकळी करून तिला हुसकावणे होय. यूरोपीय संघाच्या 1992 च्या अधिवास निर्देशात अशी जस्तप्रिय गवताळ क्षेत्रे 6130 या क्रमांकाने संरक्षित आहेत.

पुनर्स्थापनेत सर्वांत मोलाची वस्तू पृष्ठमृदा, म्हणजे मातीचा सर्वांत वरचा थर, होय. पश्चिम ऑस्ट्रेलियातील जारा (निलगिरीची एक जात) वनांतील बॉक्साइट खाणींचा अनुभव असा, की मातीतील बहुतेक जिवंत बीजे वरच्या काही सेंटिमीटरांतच असतात. म्हणून हा थर वेगळा काढून, साठवून न ठेवता, लगेच दुसऱ्या खोदून झालेल्या भागावर पसरल्यास अधिक जाती उगवतात. साठवणीत बीजे कुजतात व कवकमूले (मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशी) क्षीण होतात. माती हलविताना फायटॉप्थोरा सिनॅमोमी या मूळकुजव्या रोगकारकाचा प्रसार होऊ नये म्हणून यंत्रे धुवावी लागतात. अनेक जातींची सुप्तावस्था वणव्याच्या धुराने मोडते. धुरातील कॅरिकिनोलाइड हे क्रियाशील संयुग 2004 मध्ये ओळखले गेले. वणव्यानंतर मुळांतून पुन्हा फुटणाऱ्या, पण बीजे थोडी धरणाऱ्या जातींसाठी ऊतिसंवर्धनाचा, म्हणजे वनस्पतीच्या ऊतींपासून प्रयोगशाळेत रोपे वाढवण्याचा, खर्चिक मार्ग उरतो.

वाळवून उणे 20° से. तापमानास साठवलेली बीजे दीर्घकाळ टिकतात. मात्र शुष्कता न सोसणाऱ्या बीजांना ही पद्धत लागू पडत नाही, त्यामुळे अशा जाती जिवंत संग्रहांत वाढवाव्या लागतात. रोपांचे स्थलांतर हा मूळ अधिवास वगळून खाण आखण्याला पर्याय समजला जात नाही, कारण लावलेली रोपे जगली तरी परागण, बीजधारणा व पुढच्या पिढीचा उगम घडला की नाही हे अनेक वर्षांनीच कळते.