बघण्याचा क्रम (चित्रपटमालिका)

एकाच कथाविश्वातले अनेक पिक्चर कुठल्या ओळीने बघायचे ह्याला फॅन मंडळी बघण्याचा क्रम किंवा नुसतंच ऑर्डर म्हणतात. दोनच भाग असतील तर प्रश्न येत नाही, आधी पहिला बघायचा मग दुसरा. पण मालिका वाढत गेली, मधेच कोणीतरी जुन्या काळातली गोष्ट सांगणारा भाग काढला, एखाद्या साइड कॅरेक्टरला स्वतःचा पिक्चर मिळाला, एखादा भाग तर झालाच नाही असं समजा म्हणून सांगितलं गेलं, की मग "मी ह्यातला एकही बघितलेला नाही, कुठून सुरू करू?" असं कोणी विचारायचा अवकाश, दहा जण दहा उत्तरं देतात आणि दहाही जण पोटतिडकीने देतात. (ह्या नोंदीत बऱ्याच पिक्चरमधली गुपितं फुटतात, त्याशिवाय हा विषय समजावून सांगताच येत नाही.)

मुख्य पद्धती दोन. पहिली रिलीज ऑर्डर, म्हणजे पिक्चर ज्या ओळीने थेटरात आले त्याच ओळीने बघणे. दुसरी टाइमलाइन ऑर्डर, म्हणजे गोष्टीतलं वर्ष बघून लावलेली ओळ, मग तो पिक्चर प्रत्यक्षात कधी का आलेला असेना. ह्या दोघींच्या मधे फॅन लोकांनी डोकं लावून तयार केलेल्या मिश्र ऑर्डरी असतात. पिक्चर फक्त थेटरात लागायचे तेव्हा हा वाद होण्याचं कारणच नव्हतं, जो लागला तो बघितला. आधी व्हिडिओ कॅसेट मग डीव्हीडी मग स्ट्रीमिंग असं होत सगळे भाग एकदम हाताशी आले आणि निवड प्रेक्षकाकडे आली. आता तर डिझ्नी प्लसवर मार्व्हलचे पिक्चर टाइमलाइनप्रमाणे लावलेली वेगळी रांगच असते, त्यामुळे नवीन माणसाला वाटतं की हीच अधिकृत पद्धत असणार.

माझं मत आधीच सांगतो म्हणजे पुढचं वाचताना गोंधळ नको, पहिल्यांदा बघणाऱ्याने रिलीज ऑर्डरच धरावी. कारण साधं आहे, कुठलाही भाग बनवताना लेखक दिग्दर्शक असं धरून चालतात की समोर बसलेल्याला आत्तापर्यंत आलेलं सगळं माहीत आहे आणि पुढचं काहीच माहीत नाही. गोष्टीत कुठलं वर्ष चालू आहे ह्यापेक्षा प्रेक्षकाला कुठली गोष्ट केव्हा कळते हे जास्त महत्त्वाचं, प्रीक्वल, म्हणजे जुन्या काळातली गोष्ट सांगणारा भाग, हा गोष्टीत आधी घडत असला तरी तो नंतरच सांगितलेला असतो आणि सांगणाऱ्याने तो नंतर ऐकायलाच रचलेला असतो.

स्टार वॉर्स

हा वाद खऱ्या अर्थाने इथे पेटला. पहिला पिक्चर १९७७ चा, पुढचे १९८० आणि १९८३ चे (आजच्या आकड्यांत हेच ४, ५, ६). गंमत म्हणजे १९७७ मध्ये थेटरात तो नुसता स्टार वॉर्स होता, सुरुवातीला वर सरकत जाणाऱ्या मजकुरात एपिसोड ४ असं काही लिहिलेलं नव्हतं, ते १९८१ मध्ये पिक्चर पुन्हा लावला तेव्हा घातलं. मग १९९९, २००२ आणि २००५ मध्ये एपिसोड १, २, ३ आले आणि आकड्यांची ओळ आणि रिलीजची ओळ एकमेकींपासून कायमची तुटली. नवीन माणूस बिचारा १ आकडा बघून तिथूनच सुरू करतो, त्यात त्याची काही चूक नाही.

पण १ पासून सुरू केलं की १९८० च्या पिक्चरमधला तो सुप्रसिद्ध क्षण हातचा जातो. काळ्या मुखवट्यातला खलनायक डार्थ व्हेडर नायक ल्यूकला सांगतो की मीच तुझा बाप. हे गुपित बाहेर फुटू नये म्हणून शूटिंगच्या वेळी व्हेडरच्या सूटमधल्या डेव्हिड प्राउज यांना वेगळंच वाक्य बोलायला दिलेलं होतं, ओबीवॅनने (ल्यूकच्या गुरूने) तुझ्या बापाला मारलं असं, ल्यूकचं काम करणाऱ्या मार्क हॅमिल यांना खरं काय ते शॉटच्या जरा आधी सांगितलं आणि जेम्स अर्ल जोन्स यांच्या आवाजात खरं वाक्य नंतर भरलं. म्हणजे सेटवरच्या लोकांपासूनसुद्धा जे लपवलं ते एपिसोड ३ आधी बघणाऱ्याला अगोदरच माहीत असतं, कारण ल्यूकचा बाप अनाकिन व्हेडर होतो ते त्यातच दाखवलेलं आहे, आणि मग तो सीन बघताना त्याचा चेहरा मख्ख राहतो. ज्याने तो धक्का खाल्लेला आहे त्याला हे बघवत नाही, आणि ऑर्डरवरून लोक एवढे का भांडतात त्याचं उत्तर बरंचसं इथेच आहे असं मला वाटतं, आपल्याला मिळालेला तो क्षण समोरच्यालाही तसाच मिळावा एवढीच इच्छा असते.

ह्यावर सगळ्यात हुशार तोडगा म्हणजे मशेटी ऑर्डर. २०११ मध्ये एका प्रोग्रॅमरने ती मांडली, क्रम असा की ४, ५, २, ३, ६. म्हणजे आधी ४ आणि ५ बघायचे, बापाचं गुपित कळलं की तिथेच थांबायचं आणि २ व ३ एखाद्या मोठ्या फ्लॅशबॅकसारखे बघायचे, हा चांगला मुलगा असा राक्षस कसा झाला ते, आणि मग शेवट करायला ६ कडे यायचं. १ गाळायचा, कारण त्यातलं बहुतेक सगळं पुढे पुन्हा कळतंच. ह्या क्रमाचा एक फायदा मला फार पटतो, ३ मध्ये अनाकिन बिघडलेला आपण नुकताच बघितलेला असतो आणि लगेच ६ मध्ये ल्यूक काळे कपडे घालून येतो, त्यामुळे हाही बापाच्या वाटेने जातो की काय ही भीती खरीच वाटायला लागते, रिलीज ऑर्डरमध्ये ती इतकी वाटत नाही. तोटा असा की ल्यूक आणि लेआ जुळी भावंडं आहेत हे ६ च्या ऐवजी ३ मध्येच कळतं. शिवाय ही ऑर्डर जुन्या सहाच भागांसाठी बनवलेली, २०१५, २०१७ आणि २०१९ चे तीन भाग तिच्या मागे जोडावे लागतात आणि २०१६ चा रोग वन, जो १९७७ च्या पिक्चरच्या अगदी उंबरठ्यावर संपतो, तो कुठे घालायचा ह्यावर परत वेगळी चर्चा.

मार्व्हल

मार्व्हलची सुरुवात २००८ च्या आयर्न मॅनपासून, २०१९ चा एंडगेम हा बाविसावा पिक्चर. टाइमलाइनवाले म्हणतात २०११ चा पहिला कॅप्टन अमेरिका आधी बघा कारण तो दुसऱ्या महायुद्धातला आहे. पण तो पिक्चर सुरू होतो आजच्या काळात आणि संपतोही आजच्या काळात, शेवटी निक फ्युरी (ह्या सगळ्या हिरोंना एकत्र आणणारा एका डोळ्याचा माणूस) येतो आणि हा माणूस कोण हे आयर्न मॅन बघितलेल्यालाच कळतं. म्हणजे टाइमलाइन लावायची तर पिक्चर मधेच कापावा लागेल.

त्यानंतर टाइमलाइनमध्ये कॅप्टन मार्व्हल येतो, १९९५ मधली गोष्ट, पिक्चर २०१९ चा. ह्याचा क्रेडिट चालू असतानाचा सीन थेट इन्फिनिटी वॉर ह्या २०१८ च्या पिक्चरनंतरचा आहे, उरलेले अ‍ॅव्हेंजर्स हताश होऊन फ्युरीच्या पेजरकडे बघतायत. दुसऱ्याच नंबरला हा पिक्चर बघणाऱ्याला ही माणसं कोण, रडवेली का झालीत, काहीच कळायचं नाही आणि कळलं तर त्याहून वाईट. फ्युरीच्या डोळ्याचंही तसंच, २०१४ च्या पिक्चरमध्ये तो म्हणतो की मागच्या वेळी कोणावर तरी विश्वास ठेवला आणि डोळा गेला, आपण पाच वर्षं काहीतरी भयंकर कल्पना करत बसतो आणि मग कॅप्टन मार्व्हलमध्ये ते एका मांजरासारख्या प्राण्याचं काम निघतं. आधीच मांजर बघितलं तर नंतरच्या त्या गंभीर वाक्याला काय अर्थ राहिला!

ब्लॅक विडो (२०२१) गोष्टीत २०१६ च्या सिव्हिल वॉरनंतर लगेच बसतो, पण त्याच्या शेवटी नताशाची, म्हणजे खुद्द ब्लॅक विडोची, कबर दाखवलेली आहे. तेव्हा टाइमलाइनने बघायचाच असेल तर नावं वर जायला लागली की बंद करावा, निदान नवख्यासमोर तरी.

उलटंपालटं झालेल्या मालिका

फास्ट अँड फ्युरियसमध्ये तिसरा भाग टोकियो ड्रिफ्ट २००६ चा, त्यात हान नावाचं पात्र मरतं. पण २००९ च्या चौथ्या भागात हान हजर, पाचव्यातही आणि सहाव्यातही, कारण तिसऱ्या भागाची गोष्ट सहाव्याच्या नंतर घडते असं ठरवलं गेलं. २०१३ च्या सहाव्या भागाच्या शेवटी त्याच्या मरणाचा सीन नव्याने दाखवून तो कोणी मारला ते सांगितलं आणि २०१५ चा सातवा तिथूनच पुढे जातो. म्हणून इथे १, २, ४, ५, ६, ३, ७ असा क्रम सांगणारे बरेच भेटतात आणि हा एक क्रम मलाही मान्य आहे. अर्थात २०२१ च्या नवव्यात हान जिवंतच परत आला, त्यामुळे त्या मरणासाठी कुठल्याही ऑर्डरने रडलं तरी हिशोब एकच.

काही मालिकांमध्ये क्रमापेक्षा काय गाळायचं हा प्रश्न मोठा असतो. १९७८ च्या हॅलोवीनचा पुढचा भाग म्हणून २०१८ मध्ये जो आला तो मधलं सगळंच विसरा म्हणतो. १९९८ चा पिक्चर भाग ४, ५, ६ मानत नाही. १९८२ च्या तिसऱ्या भागात तर मायकल मायर्सची, म्हणजे मालिकेतल्या मुखवट्यातल्या खुन्याची, गोष्टच नाही. टर्मिनेटरमध्येही २०१९ चा डार्क फेट १९९१ च्या दुसऱ्या भागाला थेट जोडलेला आहे. एक्समेनमध्ये २०१४ च्या पिक्चरात भूतकाळ बदलला जातो आणि आधीच्या भागांमधलं बरंचसं घडलेलंच नाही असं होतं, त्यामुळे टाइमलाइनने लावायला बसलं की दोन ओळी कराव्या लागतात.

दिग्दर्शकाने स्वतःच ओळ बदलल्याचंही उदाहरण आहे. गॉडफादरचा १९७४ चा दुसरा भाग एकाच वेळी मागचाही आहे आणि पुढचाही, तरुण व्हिटो घराणं उभं करतोय आणि मधेमधे त्याचा मुलगा मायकल तेच घराणं आतून पोखरतोय. १९७७ मध्ये कोपोला यांनी अमेरिकन टीव्हीसाठी दोन्ही भाग काळाप्रमाणे सरळ लावून दिले. गोष्ट समजायला सोपी झाली खरी, पण बाप आणि मुलगा शेजारी शेजारी दिसण्यात जी वेदना आहे ती त्यात गेली. बाहुबलीचं बघा ना, २०१५ च्या पहिल्या भागाच्या शेवटी कटप्पा सांगतो की मीच मारलं, आणि का मारलं हे कळायला २०१७ पर्यंत थांबावं लागलं. काळाप्रमाणे लावलं तर आधी बापाची गोष्ट, मग मुलाची, आणि "कटप्पाने का मारलं" हा प्रश्न विचारायला कोणी उरणारच नाही.

नट बदलतात तेव्हा

ज्या मालिकेत एकच भूमिका अनेकांनी केलेली असते तिथे ऑर्डरचा वाद आणि लाडक्या नटाचा वाद एकत्र होऊन जातो. बाँडच्या मुख्य मालिकेत १९६२ पासून २०२१ पर्यंत २५ पिक्चर आणि सहा बाँड, शॉन कॉनरी, जॉर्ज लेझनबी (एकच पिक्चर, १९६९), रॉजर मूर, टिमथी डाल्टन, पिअर्स ब्रॉस्नन आणि डॅनियल क्रेग. क्रेगचे पाच सोडले तर बाकीचे बहुतेक कसेही बघा, फारसं बिघडत नाही. क्रेगचे मात्र २००६ च्या कसिनो रॉयलपासून ओळीनेच, कारण दुसरा भाग पहिला संपतो तिथूनच जवळजवळ सुरू होतो. बहुतेकांचा लाडका बाँड म्हणजे ज्याला आधी बघितला तो, असा माझा अनुभव आहे. म्हणून कोणाला पहिला बाँड सुचवताना माणूस जरा जपूनच बोलतो.

स्पायडरमॅनमध्ये टोबी मॅग्वायर (२००२, २००४, २००७), अँड्र्यू गारफिल्ड (२०१२, २०१४) आणि टॉम हॉलंड (२०१६ पासून) ह्या तीन वेगळ्या गोष्टी होत्या, एकीचा दुसरीशी संबंध नव्हता. मग २०२१ च्या नो वे होममध्ये तिघं एकत्र आले आणि जुने पाचही पिक्चर अचानक आधी बघायच्या यादीत गेले. गारफिल्ड पडणाऱ्या मुलीला झेलतो आणि त्याचा चेहरा बदलतो तो क्षण २०१४ चा शेवट, जिथे तो आपल्या मैत्रिणीला वाचवू शकत नाही, बघितलेल्यालाच लागतो, बाकीच्यांना तो नुसता स्टंट.

जुन्या कॉपीची अडचण

रिलीज ऑर्डरच्या बाजूने बोलताना एक अडचण मान्य करावी लागते. १९८३ च्या स्टार वॉर्सच्या शेवटी ल्यूकला तीन आत्मे दिसतात, त्यातला बापाचा आत्मा थेटरात सेबॅस्टियन शॉ ह्या वयस्कर नटाचा होता, ज्यांचा चेहरा मुखवटा काढल्यावर आपण थोडंच आधी बघितलेला असतो. २००४ च्या डीव्हीडीत तिथे तरुण हेडन क्रिस्टेन्सेन घातला, जो २००२ आणि २००५ च्या पिक्चरमधला अनाकिन, आणि आता हीच कॉपी सगळीकडे मिळते. त्यामुळे ४, ५, ६ आधी बघणारा नवखा ह्या सीनला हमखास विचारतो की हा पोरगा कोण. त्याला एवढंच सांगावं की पुढच्या तीन पिक्चरमध्ये कळेल.