अठरानंतर कॉलेज नाही? कोण म्हणतं?

नागपुरात धरमपेठेपासून मानेवाड्यापर्यंत पालकांना एकच वाक्य ऐकवलं जातं: 'बौद्धिक दिव्यांग मुलांचं शिक्षण अठराव्या वर्षी संपतं.' चूक. अठराची मर्यादा मोफत शालेय शिक्षणाच्या हक्काला आहे, शिकण्याला नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 32 सरकारी व अनुदानित महाविद्यालयांत किमान 5 टक्के जागा राखायला सांगतं, शिवाय वयात 5 वर्षांची सूट. प्रमाणपत्रावर किमान 40 टक्के दिव्यांगत्व हवं. पदवीसाठी बारावी लागतेच. ती मुक्त विद्यालयातून सवडीनं, एकेक विषय करत देता येते. (अमेरिकेत 2008 च्या कायद्यानं पदवीविना, निदान अर्धा वेळ इतरांसोबत शिकण्याचे अभ्यासक्रम मान्य केले. हेवा वाटतो खरा.) प्रवेश अर्जासोबत यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) जोडा; परीक्षेसाठी लेखनिक (उत्तरं लिहून देणारा मदतनीस) आणि जादा वेळ तेव्हाच लेखी मागा.